काठीला वाट द्या

पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला 1916 साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. कुठं जायचं ते मालकच ठरवतो. कुत्रा अडथळे चुकवतो, आणि समोरून गाडी येत असेल तर ‘चल’ म्हटलं तरी जागचा हलत नाही.

आपल्या सोलापुरात असा कुत्रा घेऊन नव्या पेठेत निघालात, तर भटकी कुत्रीच आधी अंगावर येतील! इथं भरवसा पांढऱ्या काठीचा. डावं पाऊल टाकताना काठीचं टोक उजवीकडे जातं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच चाचपली जाते. पण काठीला कळतं ते जमिनीवरचं. टेम्पोबाहेर आलेला लोखंडी गज किंवा दुकानाची खाली ओढलेली ताडपत्री तिला कळत नाही. असल्या गोष्टी थेट तोंडावरच आदळतात.

सात रस्त्याला कुणी काठी घेऊन थांबलेलं दिसलं, तर दंड धरून ओढू नका. “मदत करू का?” असं विचारा. हो म्हणाले, तर आपलं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढं चाला. आणि हो, गाडी फुटपाथवर लावू नका.