कापूस कोणी वेचला?

(गोंदिया येथील महिला मेळाव्यातील भाषणाचा संक्षिप्त भाग)



आपला गोंदिया धानाचा आणि बिडीचा. तरीही आज मी कापसावर बोलणार आहे, तेही अमेरिकेतल्या. औद्योगिक क्रांती यंत्रांनी केली असे आपण शाळेत शिकलो. वाफेचे इंजिन, सूतगिरण्या, शोध लावणाऱ्या पुरुषांची नावे पाठ केली. त्या गिरण्यांत जाणारा कापूस कोणी वेचला, हे पुस्तकात नव्हते.

१८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येई. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले. त्याने कष्ट कमी व्हायचे, ते वाढले. सरकी झपाट्याने निघू लागली, तसा आणखी कापूस हवा झाला, नव्या जमिनी लागवडीखाली आल्या आणि त्यावर राबायला आणखी माणसे विकली गेली. वेचणी हातानेच होती. संध्याकाळी प्रत्येकाचा, प्रत्येकीचा कापूस तोलून मालकाच्या वहीत मांडला जाई. कमी भरला तर चाबूक.

बाईची लूट दुहेरी होती. १६६२ साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचे. म्हणजे बाप खुद्द मालक असला तरी गुलाम बाईचे मूल गुलामच. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तेव्हा तिची बाळंतपणे हीच मालकाची भांडवलवाढ झाली. ब्रिटनने १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामी संपवण्याचा कायदा केला आणि २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. राबलेल्यांना काही नाही. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस मात्र लँकेशायरला जातच राहिला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तो कापूस अडला. मग इंग्रजांनी १८५३ मध्येच निजामाकडून ताब्यात घेतलेल्या वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. तिने कापूस बाहेर नेला, गिरणीचे सूत आणि कापड आत आणले. आपल्या भागात कोष्टी आणि महार विणकरांचे माग होते. गिरणीच्या सुतावर काही माग तगले. घरी सूत काढणाऱ्या बाईच्या हातचे काम मात्र गेले, आणि त्याची नोंदही फारशी कोणी ठेवली नाही.

जोतीराव फुल्यांनी हा संबंध ओळखला होता. १८७३ चे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडच्या माणसांचे दुःख त्यांनी इथल्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशेजारी ठेवले.

बिडी वळणारी बाई गुलाम आहे, असे मी म्हणणार नाही. तिला कोणी विकू शकत नाही, ती संघटना बांधू शकते. हा फरक फार मोठा आहे आणि तो लढून मिळवलेला आहे. पण वही कोणाच्या हातात, हा प्रश्न उरतोच. हजार बिड्यांतून छाट किती काढायची, हे ठेकेदार ठरवतो. छाटलेल्या बिडीची मजुरी बुडते. पाने भिजवणे, कापणे, शाळेतून आलेल्या मुलीने धागा बांधून देणे, हे कुठेच मोजले जात नाही. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणारीलाही कामगार मानले, तरी बऱ्याच घरांत काम तिचे आणि कार्डावर नाव दुसऱ्याचे.

म्हणून गावी गेल्यावर एक काम करा. महिनाभर स्वतःची वही ठेवा. किती वळल्या, छाट किती गेली, हातात किती आले, घरातल्या कोणाचे किती तास गेले. लिहिता येत नसेल तर शेजारणीकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीत सगळ्या वह्या एकत्र मांडू आणि मजुरीची बोलणी त्या आकड्यांवरूनच करू.