विचारपूस



औषध रोग्याच्या हातीं पडलें म्हणजे वैद्याचें काम संपलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एच. आय. व्ही.च्या बाबतींत ती खोटी ठरते. या विषाणूवरील गोळ्या बहुतेक रोग्यांना रोज, ठरल्या वेळीं आणि जन्मभर घ्याव्या लागतात. त्यांत वारंवार खंड पडला तर विषाणु पुन्हा वाढतो, आणि त्याच औषधास दाद न देण्याची शक्ति त्याच्या अंगीं येते. मग जेथें दवाखाना दूर, परिचारिका थोड्या आणि रोगी शेंकडों, तेथें प्रत्येकाची चौकशी करणार कोण?

केनियामध्यें या प्रश्नाचें एक साधें उत्तर शोधण्यांत आलें. २००७ सालीं नैरोबी शहरांतील दोन व काजिआडो येथील एक, अशा तीन दवाखान्यांत ५३८ रोग्यांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. त्यांपैकीं २७३ जणांना आठवड्यांतून एकदां मोबाइलवर एक शब्द पाठविला जाई, ‘मांबो?’ स्वाहिली भाषेंत याचा अर्थ ‘कसें काय?’ रोग्यानें दोन दिवसांत ‘सावा’, म्हणजे ‘ठीक आहे’, अथवा ‘शिदा’, म्हणजे ‘अडचण आहे’, एवढेंच कळवावयाचें. अडचण सांगणाऱ्यास, तसेंच कांहींच उत्तर न देणाऱ्यास परिचारिका स्वतः फोन करी. संदेशांत रोगाचें नांव नसे. ही खबरदारी क्षुल्लक नव्हे. फोन घरांत चौघांच्या हातीं जातो, आणि या रोगाची वार्ता बाहेर फुटली तर माणसाचा संसार व पोटाचा धंदा दोन्ही धोक्यांत येतात.

वर्षअखेर काय दिसलें? नियमानें औषध घेणारे, संदेश मिळालेल्यांत शेंकडा ६२ व इतरांत ५० भरले. रक्तांतील विषाणु दबलेले अनुक्रमें शेंकडा ५७ व ४८ होते. हे निष्कर्ष २०१० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

तथापि मोबाइल म्हणजे रामबाण नव्हे. पश्चिम केनियांतील दुसऱ्या एका प्रयोगांत आठवड्यास एकदां आलेल्या आठवणीचा उपयोग झाला. रोज येणाऱ्या आठवणीचा झाला नाहीं. आपल्या दक्षिण भारतांत ६३१ रोग्यांवर असाच प्रयोग झाला. तेथें आठवड्यास एकदां यंत्राचा आवाज फोनवर प्रश्न विचारी व एक चित्र येई. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाहीं. दोन्हीं देशांची परिस्थिति निराळी, म्हणून एकाच कारणावर बोट ठेवणें योग्य होणार नाहीं. पण केनियांत उत्तर ऐकावयास माणूस होतें, हा भेद विचार करण्याजोगा आहे.

शाळेंत हजेरी घेणारे दोन प्रकारचे शिक्षक मीं पाहिले आहेत. एक नांवापुढें ‘गैरहजर’ असें लिहून पट मिटतो. दुसरा, मूल कां आलें नाहीं याची घरीं कोणास तरी पाठवून चौकशी करतो. केनियाच्या परिचारिकांची हजेरी या दुसऱ्या रीतीची होती. म्हणून अशा योजना आंखणाऱ्यांनीं यंत्राच्या खर्चाबरोबर, उलट फोन करणाऱ्या माणसाच्या पगाराचीही तरतूद केली पाहिजे. नाहींतर ‘अडचण आहे’ असें उत्तर येईल, आणि तें ऐकावयास कोणी नसेल.