भिडे मास्तर लातूरचे असते तर?

'तारक मेहता का उल्टा चष्मा' २००८ पासून चालूच आहे. मुंबईतल्या त्या गोकुळधाममध्ये गुजराती, पंजाबी, तमिळ, सगळे शेजारी. मराठी कोण? भिडे मास्तर, तेही रत्नागिरीचे. "काय करायलाव?" विचारणारा नांदेडचा शेजारी टीव्हीवरच्या कुठल्या सोसायटीत बघितलाय का?

गोष्टी तर इकडं ढीगभर आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. अपार्टमेंटमध्ये टँकर कुणी मागवायचा, वर्गणी कुणाची राहिली, तिसऱ्या मजल्यावर घागर कोण चढवणार... भिडेंच्या फळ्यावर सुविचार असतो, आपल्या फळ्यावर टँकरची वेळ!

भांडणंही तिथंच, हसणंही तिथंच. लिहा की राव कुणीतरी, आपल्याच बोलीत. एकच सीन लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचू.