कसबातून कलेकडे : स्वागताध्यक्षांचे भाषण



समस्त कर्जत-खालापूरकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

शिल्पकारांचे संमेलन कर्जतला का, याचे उत्तर राजमाचीच्या पायथ्याशी आहे. कोंढाणे लेण्यांत चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका भग्न मूर्तीचे मस्तक तेवढे उरले आहे. शेजारी ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कारागीर गुरूसकट आपले नाव सांगून गेला.

याच रायगड जिल्ह्यातल्या सासवण्याचे विनायकराव करमरकर गणपती घडवणाऱ्या घरात वाढले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी रंगवलेले शिवराय कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि मुलगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवरायांचा पुतळा त्यांचाच. पण एवढे नाव झाल्यावरही त्यांनी कोळीण घडवली, म्हैस घडवली. सासवण्याच्या संग्रहालयात ती शिल्पे आवर्जून पाहावीत.

स्पेनमध्येही असेच घडले. बार्सिलोनाचा हुलिओ गोंझालेझ वडिलांच्या धातुकामाच्या कारखान्यात तयार झाला. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या रेनॉ मोटार कारखान्यात तो वेल्डिंग शिकला. पुढे दहा वर्षांनी पिकासोला लोखंडाची शिल्पे करायची झाली, तेव्हा हेच कसब कामी आले. देशात यादवी पेटलेली असताना, १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात गोंझालेझने लोखंडी पत्र्याची एक शेतकरीण उभी केली. कडेवर मूल, हातात विळा. भातकापणीच्या दिवसांत आपल्या बांधावर दिसते, तशीच.

करमरकरांची माती आणि गोंझालेझचे लोखंड यांत साम्य शैलीचे नाही. दोघांचाही हात आधी घरच्या धंद्यात मुरला, नवी वाट त्यानंतर निघाली. आपल्याकडे शेजारी पेणला मूर्तिकारांचे घरोघर कारखाने आहेत, खोपोलीत पोलादाचे. तेव्हा हात तयार आहेत. त्यांना गरज आहे ती आपल्यासारख्या जाणत्यांच्या सहवासाची.

म्हणून व्याख्यानांइतकाच वेळ आम्ही मागच्या मांडवातल्या कार्यशाळेला दिला आहे. तिथे शाडू मळून ठेवला आहे, वेल्डिंगची मशिने लावली आहेत आणि आयटीआयची मुलेही येणार आहेत. पाहुण्यांना विनंती एकच : त्यांना नुसते मार्गदर्शन करू नका, शेजारी बसवून काम करा.

नाश्त्याला अर्थातच कर्जतचा वडा आहे. तो खाऊन थेट मांडवात या, हात मागाहून धुता येतील.