रफू नको, ठिगळ लावा

श्रोतेहो, वेळ थोडा आहे आणि विषय पोतंभर, म्हणून पाल्हाळ न लावता सुरू करते.

जुन्या बालपुस्तकांत कुणाच्या रंगाची, कुणाच्या डोळ्यांच्या ठेवणीची टर उडवलेली असते. अशा पुस्तकांचं करायचं काय, हा वाद आपण ऐकून आहात. एक म्हणतो काढून टाका, दुसरा म्हणतो हात लावाल तर खबरदार. मी पस्तीस वर्षं एका वाचनालयाच्या बालविभागात काढली. तेव्हा दोघांनाही थोडं रागवायचा माझा हक्क आहे.

आधी गोधडीचं सांगते. जुनी गोधडी फाटली की कुणी तिची घडी करून ट्रंकेत ठेवतं. कुणी रफू करतं, इतकं बेमालूम की भोक होतं हे कळूच नये. गोधडीला रफू करत नाहीत, शालूला करतात, हे मला ठाऊक आहे. एवढी उपमा चालवून घ्या. आणि आजी काय करते? ठिगळ लावते. लाल गोधडीवर हिरव्या लुगड्याचा तुकडा. इथे फाटलं होतं आणि इथे शिवलं, हे दारातूनच दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे: रफू नको, ठिगळ लावा.

आता ट्रंकेचं उदाहरण. अमेरिकेचे बालसाहित्यिक डॉक्टर स्यूस यांची सहा पुस्तकं यापुढे छापली जाणार नाहीत, असं 2 मार्च 2021 रोजी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशीच, जाहीर झालं. लोकांनी ‘बंदी, बंदी’ म्हणून गिल्ला केला. अहो, कसली बंदी? सरकारने नाही, कोर्टाने नाही. स्यूस यांच्या पुस्तकांचे हक्क ज्या संस्थेकडे आहेत तिनेच ते ठरवलं. साठाहून जास्त पुस्तकांतली सहा. टोपीवाल्या मांजरीचं त्यांचं पुस्तक जागेवरच आहे. त्या सहांतलं प्राणिसंग्रहालयाचं पुस्तक 1950 सालचं. त्यात एक चित्र आहे: तीन आशियाई माणसं डोक्यावर पिंजरा तोलून चालली आहेत आणि पिंजऱ्यावर बंदूक घेतलेला गोरा मुलगा उभा आहे. मूल आधी चित्र वाचतं, अक्षरं मागाहून. मालकाने आपली गोधडी ट्रंकेत ठेवली, त्याचा तो अधिकार. ट्रंकेवर चिठ्ठीही लावली: का ठेवली ते जाहीर सांगितलं. माझी तक्रार नाही.

माझी तक्रार रफूवाल्यांशी आहे. रोआल्ड डालचं चॉकलेटच्या कारखान्याचं पुस्तक 1964 सालचं. त्यातले बुटके कामगार मुळात आफ्रिकेच्या जंगलातून खोक्यांत भरून आणलेले, आणि मजुरी काय तर कोकोच्या बिया. लोकांनी हरकत घेतली. 1973 साली डालनेच ते बदलले. कामगार गोरे आणि सोनेरी केसांचे झाले. लेखकाने स्वतः केलं, ठीक. पण पन्नास वर्षांनी, 2023 साली, लेखक हयात नसताना प्रकाशकांनी त्याच्या पुस्तकांतले शेकडो शब्द बदलले. आतल्या पानावर बारीक टायपात एक ओळ होती की भाषा वेळोवेळी तपासली जाते. कुठला शब्द गेला आणि कुठला आला? ते नाही! ओरड झाल्यावर जुना पाठही वेगळा छापू, असं त्यांना सांगावं लागलं. पुन्हा सांगते, बदलायला माझा विरोध नाही. बदललं ते सांगा. ठिगळ दिसू द्या.

आता ठिगळ. हे आपल्या अंगणातलं आहे. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई. नवरा इथे सरकारी डॉक्टर, पुढे मुंबईत परळच्या प्लेगच्या प्रयोगशाळेचा प्रमुख. आजची हाफकिन संस्था ती हीच. बाईंनी आपल्या मुलींसाठी काळ्या सांबोची गोष्ट लिहिली, चित्रंही काढली. 1899 साली ती लंडनला छापली गेली. सांबोला चार वाघ भेटतात. एक त्याचा लाल कोट घेतो, एक निळी विजार, एक जांभळे जोडे, एक हिरवी छत्री. मग सर्वांत रुबाबदार कोण यावरून वाघांचं भांडण, एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरून झाडाभोवती गरगर, आणि शेवटी चारही वाघ वितळून त्यांचं तूप होतं! चक्क आपलं तूप, तशी नोंदच तिने केली आहे. त्या तुपात आई घावन करते. आई खाते 27, बाप 55 आणि पोरगा 169. सांगा, अशी गोष्ट कोण फेकून देईल?

पण सांबो हे नाव कृष्णवर्णीयांना हिणवायचं नाव. बाईंची मूळ चित्रंही काही निर्दोष नव्हती. त्यात गोष्टीचे हक्क पाच पौंडांत गेलेले, आणि अमेरिकेत कुणीही उठावं आणि छापावं. तिथल्या चित्रांत पोराचे ओठ जाड झाले, डोळे बटाट्याएवढे झाले. लँगस्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीने 1932 सालीच या पुस्तकाला नावं ठेवली होती.

1996 साली दोन ठिगळं लागली. फ्रेड मार्सेलिनो यांनी शब्द तेच ठेवले, चित्रं भारतातली काढली आणि मुलाचं नाव केलं बाबाजी. बाप पापाजी आणि आई मामाजी! आपल्याकडे मामाजी कोण, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. पण मुखपृष्ठावर नवं नाव आहे आणि लेखिका म्हणून बॅनरमनबाईही आहेत. लपवाछपवी नाही. दुसरीकडे ज्यूलियस लेस्टर आणि जेरी पिंकनी या कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी तीच गोष्ट आपल्या ढंगात नव्याने सांगितली. ज्यांच्या अंगाला गारठा लागला होता त्यांनीच सुई हातात घेतली, हे लक्षात ठेवा. गोधडीचं भोक कुठे आहे ते त्या जागी झोपणाऱ्याला कळतं. बाकीचे म्हणतात, छान ऊबदार आहे की!

काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. एक सांगून थांबते. आमच्या वाचनालयात एका जुन्या पुस्तकात आपल्याकडच्याच एका जमातीचं हिडीस चित्र होतं. मी त्यावर कोरा कागद चिकटवला. झालं! पोरं ते पान खिडकीच्या उजेडात धरून बघायला लागली, तेच पान सर्वांत मळलं. तेव्हा मी त्या कागदावर लिहिलं: ‘खाली काय होतं आणि का झाकलं, ते बाईंना विचारा.’ आठवड्याभरात सात-आठ मुलं येऊन विचारून गेली. माझं ठिगळ लागू पडलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

त्या जमातीतला एक मुलगा रोज वाचनालयात यायचा. तो मात्र विचारायला आला नाही. त्याच्यासाठी ट्रंक बरी होती की ठिगळ, हे मला अजून... वेळ संपला.