तिघऱ्याचा बांध आणि आपल्या गल्लीतली पाइप

मंडळी, फूलबागेत बोलायचं म्हणजे राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर बोलतील असं वाटलं असेल. मी पाण्यावर बोलतो. ग्वाल्हेरला पाणी देणारं तिघरा धरण सांक नदीवर, शिंदे सरकारच्या काळातलं. खडकवासल्याला बसवले तसेच विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे इथंही होते. तरी 19 ऑगस्ट 1917 ला बांध फुटला. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरलं होतं. डोळ्यांत भरायचे ते दरवाजे, घात केला पायानं.

आज तरी वेगळं काय? नव्या टाकीचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. जमिनीतल्या पाइपचं वय कुणी विचारत नाही. नोंदवही हवी. पाइप कधी टाकली, कशाची, किती वेळा फुटली, पुन्हा फुटली तर कुणाचं पाणी तुटेल? दवाखान्याची जुनी लाईन आधी बदला, नगरसेवकाच्या दारातली मागाहून (बोलायला सोपंय म्हणा!). आणि बदलायचा पैसा पाणीपट्टीतून दरसाल बाजूला काढा.

राकसकोपचं पाणी पिणाऱ्या बेळगावच्या पोरांनो, माहिती अधिकाराचा अर्ज टाका: आमच्या गल्लीतली पाइप कुठल्या सालची? ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं, तर तो कागद जपून ठेवा. पाणीपट्टी वाढवायला येतील तेव्हा तोच पुढं करा.