कप उलटा करून बघा

हेडफोन लावलेत ना? आज थोडं वेगळं बोलणार आहे. मी इथे जर्मनीत, ड्रेस्डेनला शिकायला आले ती मटेरियल सायन्स शिकायला, आणि अडकले जुन्या कपबश्यांत. आईला अजून वाटतं मी लॅबमध्ये असते. शनिवारी मी एल्ब नदीच्या काठी, आल्बर्ट पुलाजवळ भरणाऱ्या जुन्या बाजारात असते.

तर गोष्ट आमच्या घरमालकीणबाईंची. वय पंच्याऐंशीच्या पुढे. इथे आजीला ‘ओमा’ म्हणतात, मीही तेच म्हणते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला खाली बोलावलं, कपाटातून रुमालात गुंडाळलेला एक कप काढला आणि म्हणाल्या, “तुला यातलं कळतं ना? हा राजाच्या घरचा आहे. कागदावर किंमत काय लिहू ते सांग.”

कागद म्हणजे मृत्युपत्र. ओमांना दोन नाती. मोठीला बँकेतली शिल्लक आणि धाकटीला हा कप, असा हिशोब त्यांनी मनात पक्का केला होता. दोघींना सारखं मिळालं पाहिजे, एवढीच इच्छा. फेब्रुवारी 1945 मध्ये शहरावर बाँब पडले तेव्हा ओमा पाच वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने घरातून जे थोडंफार उचललं त्यात हा कप होता. आता सांगा, अशा कपाला हात लावताना हात थरथरणार नाही तर काय!

मी कप उलटा केला. बुडाला निळ्या रंगात ए आणि आर ही दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली. ऑगुस्टुस रेक्स. म्हणजे ऑगुस्टुस राजा, ज्याला लोक ‘बलवान ऑगुस्टुस’ म्हणायचे.

हा माणूस पोर्सेलीनसाठी वेडा होता. 1717 मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले 600 घोडदळाचे सैनिक दिले आणि बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. खरंच! त्यातल्या मोठ्या फुलदाण्या आजही इथल्या झ्विंगर राजवाड्यातल्या संग्रहात आहेत. त्याच्या काही वर्षं आधीपर्यंत खरं पोर्सेलीन करायचं कसं हे युरोपात कुणाला येत नव्हतं. याच राजाच्या कैदेत असलेल्या ब्योटगर नावाच्या किमयागाराला ते जमलं, आणि 1710 मध्ये जवळच्या माइसन गावात कारखाना सुरू झाला. (आपल्याकडे लोणच्याच्या बरणीलाही ‘चिनी माती’च म्हणतात, पण ती बरणी वेगळी. मोबाइलचा टॉर्च आतून लावा. पोर्सेलीन पातळ असेल तर उजेड आरपार दिसतो, बरणीतून दिसत नाही.)

माइसनची खूण म्हणजे दोन निळ्या, एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या तलवारी. 1720 च्या दशकात ही खूण सुरू झाली, आणि हाताने काढत असल्यामुळे प्रत्येक जोडी जरा वेगळी असते. मुठींच्या मध्ये एक ठिपका दिसला तर साधारण 1763 ते 1774, खाली तारा असेल तर त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षं, आणि पात्यांच्या टोकांमध्ये ठिपका असेल तर 1924 नंतरची दहाएक वर्षं. तलवारींवर आडवी चीर मारलेली असली तर तो दुय्यम दर्जाचा किंवा रंगवायच्या आधीच विकलेला माल. हे सगळं मी पाठ केलं होतं, आणि तरी पहिल्याच शनिवारी 35 युरो देऊन तलवारींची नक्कल घरी आणली. खूण कुणीही काढू शकतो हो. पॅरिसच्या सॅमसनने तर एकोणिसाव्या शतकात अशा नकला करण्याचाच मोठा धंदा उभारला होता.

म्हणून ओमांच्या कपाची खूण मी बाजूला ठेवली आणि बाकीचं बघायला लागले. खरी ए-आर खूण 1720 आणि 1730 च्या दशकांतली. राजवाड्यासाठी किंवा राजाने भेट द्यायच्या वस्तूंवर ती टाकायचे, बहुतेक मोठ्या फुलदाण्यांवर. चहाच्या कपावर ती दिसली की आधी शंका घ्यायची. दुसरं म्हणजे नक्षी. कपाचे चार भाग पाडलेले. दोन पिवळ्या भागांवर फुलं, दोन पांढऱ्यांवर बागेतली प्रेमी जोडपी. तिसरं सोनं. काठावरचा मुलामा अगदी आरशासारखा चकचकीत, पातळ, आणि धरायच्या जागी झिजलेला. जुन्या काळी सोनं भट्टीतून मंद बाहेर यायचं, मग घासून घासून त्याला चमक आणायचे. घासावं न लागता चमकणारं द्रवरूप सोनं माइसनमध्येच शोधलं गेलं, पण 1830 च्या आसपास. म्हणजे राजा वारल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी!

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. कारण पिवळा-पांढरा कप, प्रेमी जोडपी आणि ए-आर खूण हे तिन्ही एकत्र आले की इथले जाणकार एकच नाव घेतात, हेलेना वोल्फसोन. ड्रेस्डेनची ही व्यापारी बाई. पांढरा माल घ्यायचा, आपल्या कारागिरांकडून रंगवून घ्यायचा, आणि खाली राजाची अक्षरं टाकायची. शेवटी माइसनवाले कोर्टात गेले, आणि 1880 च्या सुमाराला तिला ही खूण सोडावी लागली. पुढे 1883 मध्ये ड्रेस्डेनच्या चार रंगशाळांनी निळा मुकुट आणि खाली ‘ड्रेस्डेन’ अशी खूण नोंदवली. तुम्हाला कुठे ‘ड्रेस्डेन’ लिहिलेला कप मिळाला तर तो माइसनचा नाही, हे त्यामुळे लक्षात ठेवा. दुकानदार मुद्दाम दोन्ही नावं एका दमात घेतात.

म्हणजे ओमांचा कप 1880 च्या आधीचा, साधारण दीडशे वर्षांचा. राजाचा नाही.

सांगायचं की नाही? मी तीन दिवस खाली गेलेच नाही. मैत्रीण म्हणाली, गप्प बस, म्हातारीचं मन कशाला मोडतेस. पण मला सारखी ती धाकटी नात दिसायची. उद्या ती हा कप लिलावात घेऊन जाणार, आणि तिथे कुणीतरी परकं माणूस काउंटरवरून सांगणार की यात फार काही नाही. मग तिला वाटणार आजीने आपल्याला फसवलं. त्यापेक्षा मी वाईट झालेली बरी.

चौथ्या दिवशी गेले. आधी म्हटलं, “ओमा, मी शिकतेय अजून, एका जाणकारालाही दाखवू.” दाखवला. त्यांनी कप हातात घेऊन मिनिटभरात तेच नाव सांगितलं. खरा असता तर किंमत हजारांत गेली असती, हा काही शे युरोंचा.

परत येताना ट्राममध्ये ओमा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या आईला माहीत असेल का गं?” मला काय उत्तर देणार होते? मी म्हटलं, “त्या रात्री त्यांनी बुडाखाली बघितलं नसेल.” त्या हसल्या. नंतर म्हणाल्या, “मग बँकेचे पैसे अर्धे-अर्धे. आणि कप जिला हवा तिने मागावा.” पुढच्या आठवड्यात कागद बदलला. कप दोघींनाही हवा आहे, त्यावरून आता फोनवर वाद चाललाय, आणि ओमांना त्याची मजा वाटतेय.

बरं, तुमच्यासाठी थोडं. तुमच्याकडे जुनी इंग्लिश कपबशी असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे तेवढं सांगते. बुडाला चौकट उभी करून ठेवल्यासारखी चौकोनी खूण, कोपऱ्यांत अक्षरं आणि आकडे असतील, तर ती नक्षी 1842 ते 1883 या काळात नोंदवलेली. आर-डी आणि पुढे लांब आकडा असेल तर 1884 नंतरची. देशाचं नाव छापलेलं असेल तर बहुतेक 1891 किंवा नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देश लिहिणं सक्तीचं झालं. ‘मेड इन’ असेल तर बहुधा विसावं शतक. रॉयल वूस्टरवाले तर 1892 पासून दर वर्षी खुणेशेजारी एक ठिपका वाढवत गेले. ठिपके मोजा, साल मिळेल! लहान मुलांच्या खेळासारखं आहे ते.

आणि मला फोटो पाठवणार असाल तर कृपा करून समोरून नको, सगळे समोरूनच पाठवतात. कप उलटा करा, खिडकीजवळ न्या, फ्लॅश बंद ठेवा. बुडाचा एक, काठावरच्या सोन्याचा एक. चला, भेटू पुढच्या भागात.